एकवीस नंबर

रग्बीत नऊ नंबरची जर्सी घालणाऱ्याचं काम सांगायला सोपं आहे. दहा-बारा धिप्पाड माणसं एकमेकांच्या अंगावर पडलेली असतात. त्या ढिगातून चेंडू उपसून काढायचा आणि आपल्यावर कुणी झडप घालायच्या आत तो मागे उभ्या असलेल्या आपल्या माणसाकडे फेकायचा. सामन्याची ऐंशी मिनिटं हेच. भारताच्या संघात हे काम मी सहा वर्षं केलं आणि त्यातली शेवटची पाच वर्षं कर्णधार होतो. आजही कुठल्या कार्यक्रमाला बोलावतात तेव्हा माझ्या नावामागे 'माजी कर्णधार' लावतात आणि शाल देतात. कपाटात शालींचा एक खण झालाय. बायको म्हणते, आता निदान कुणी चादर तरी द्या.

नऊ नंबरला काही झालं की त्याच्या जागी जो उतरतो त्याच्या पाठीवर एकवीस असतं. त्या सहांपैकी पाच वर्षं एकवीस नंबर ठाण्याजवळच्या बाळकुम गावातल्या एका मुलानं घातला. तो माझ्यापेक्षा चांगला खेळाडू होता. हे मी नम्रपणानं म्हणत नाही. नम्रपणा माझ्या स्वभावात नाही, हे घरचे आणि ऑफिसातले दोघंही एकमतानं सांगतील. तो सरळसरळ माझ्यापेक्षा चांगला होता आणि पाच वर्षांत भारताकडून एकूण अकरा मिनिटं खेळला. त्याला एकच गोष्ट हवी होती. एक पूर्ण सामना, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. तो त्याला मिळाला नाही. का मिळाला नाही हे मला माहीत आहे, म्हणून लिहायला बसलोय.

आम्ही डोंबिवलीचे. मूळचे राजापूरकडचे, पण वडिलांनी नोकरीसाठी डोंबिवली गाठली आणि मग गावाला फक्त गणपतीत जाणं उरलं. मला इंग्रजी शाळेत घातलं, कॉलेजला मुंबईत पाठवलं आणि तिथे अभ्यास सोडून मी रग्बी शिकलो. नोकरी लागल्यावर मुंबईपर्यंत सरावाला जाणं जमेना, म्हणून आम्ही दहा-पंधरा जण रविवारी सकाळी कोपरीच्या एका मैदानावर जमायला लागलो. खाडीकडून वारा सुटला की नाकाला रुमाल लावून खेळावं असं ते मैदान. अंगावर झेप घ्यायच्या सरावासाठी माणसाएवढ्या उंचीची पोती लागतात. ती परदेशातून मागवायचा प्रश्नच नव्हता. विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर रिक्षाच्या सीट शिवणारा एक माणूस होता, त्याच्याकडून रेक्झिनची शिवून घेतली. तो दर वेळी विचारायचा, "यात भरणार काय आणि मारणार कुणाला?"

तिथे एके दिवशी हा आला. वय एकोणीस. बाळकुमच्या गावसंघात कबड्डी खेळायचा. त्याच्या चुलतभावानं त्याला ओढून आणलं होतं. पायात बूट नव्हते, कारण कबड्डीला लागत नाहीत. रग्बीचा चेंडू लंबगोल असतो, एकदा टप्पा पडला की कुठे उडेल त्याचा भरवसा नसतो. त्याचा अंदाज यायला मला वर्ष लागलं होतं. यानं तीन टप्पे पाहिले, चौथ्याला चेंडू हातात. मी डाव्या हातानं पास द्यायला शिकण्यात दोन पावसाळे घालवले होते. यानं पहिल्याच दिवशी डावा-उजवा असा फरकच केला नाही. आमच्यातल्या एका धिप्पाड गड्यानं त्याला पकडायला धाव घेतली तर हा त्याच्या काखेखालून असा निघून गेला की तो गडी हवेला मिठी मारून खाली बसला. सगळे हसले. मीही हसलो आणि त्याच्याजवळ गेलो.

मी त्याला म्हटलं, "डोळ्यांनी चकवलंस ना त्याला?"

"नाय दादा," तो म्हणाला. "मी डोळ्याकडं बघतच नाय. कंबर बघतो. माणूस जायचा कुठं, ते कंबरेवर कळतं."

त्या दिवसापासून मी त्याचा दादा झालो. बूट घेऊन दिले, नियम शिकवले, व्हिडिओ दाखवले. त्याला मी घडवलं असं लोक म्हणतात. मी शिकवलं हे खरं, आणि शिकवताना माझा एक डोळा कायम माझ्या जागेवर होता हेही खरं.

वर्षभरात त्याची भारताच्या सराव शिबिरासाठी निवड झाली आणि पुढच्या वर्षी संघात. एकवीस नंबर. बाळकुम नाक्यावर बॅनर लागला. वर स्थानिक नेत्यांचे हात जोडलेले मोठाले फोटो, खाली कोपऱ्यात याचा कबड्डीच्या चड्डीतला फोटो, कारण दुसरा नव्हता, आणि शेजारी फुटबॉलचं चित्र. मी चेष्टा केली तर म्हणाला, "असू दे ना दादा. इंडिया लिहिलंय ना वर?"

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं मला घरी जेवायला नेलं. वडील तो लहान असतानाच गेले होते. आई तरुणपणी मिठागरात डोक्यावर पाट्या वाहिलेली बाई, मान अजून तशीच ताठ. तिनं मला मासे वाढले, पुन्हा वाढले, नको म्हणताना वाढले आणि मग समोर बसून म्हणाली, "तू कप्तान ना रं? मंग माज्या पोराला खेलव हां. नुसता बसवून ठेवू नको."

मी म्हटलं, "काकू, खेळवायचं कोचच्या हातात असतं."

"कोच परका," ती म्हणाली. "तू घरचा."

मी हो म्हणालो. तोंडात तिच्या हातचा घास होता, दुसरं काय म्हणणार?

आमचा कोच परदेशी होता. उंच, कमी बोलणारा, कायम हातात एक छोटी वही. त्याला आपली एकही भाषा येत नव्हती आणि आमच्या निम्म्या पोरांना इंग्रजीची धास्ती होती. त्यामुळे संघ आणि कोच यांच्यामधला दुभाषा मीच. कुणाचा पाय दुखतोय, कुणाची आजी वारली, कुणाला भात हवाय, सगळं माझ्या तोंडून कोचकडे जायचं आणि कोचचं माझ्या तोंडून पोरांकडे. माझ्या हातात केवढी सत्ता होती हे तेव्हा मला कळत नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. कळत होतं.

कोचची एक पद्धत होती. सामन्याच्या दुसऱ्या भागात राखीव खेळाडू मैदानाच्या कडेनं पळायला लागतात, उड्या मारतात, अंग गरम ठेवतात. कोच कुणाला उठ म्हणून सांगायचा नाही. त्याचं म्हणणं असं की ज्याला खेळायची भूक आहे तो आपोआप उठतो. बदली करायची वेळ आली की तो एकदा कडेला नजर टाकायचा आणि जो सगळ्यात पेटलेला दिसेल त्याला आत पाठवायचा. अगदी नऊ नंबर बदलायचा की नाही हेसुद्धा तो तसंच ठरवायचा.

पहिल्या दौऱ्यातल्या पहिल्याच सामन्यात मी मैदानातून बघितलं. सात राखीव खेळाडू कडेनं पळतायत, आणि आठवा, आमचा एकवीस नंबर, गवतावर मांडी घालून बसलाय. पाठ ताठ, खांद्यावर टॉवेल, नजर माझ्यावर. सामना संपेपर्यंत तो हलला नाही. दुसऱ्या सामन्यातही तेच.

हॉटेलात आम्ही दोघं एका खोलीत असायचो. मी विचारलं, "अरे, तू उठत का नाहीस? बाकीचे बघ कसे पळतात."

तो म्हणाला, "ते पळू दे. त्यांचं वेगळं. माझ्या जागेवर तू खेळतोयस ना."

मग त्यानं समजावून सांगितलं. त्यांच्या गावसंघात ज्याच्या जागेवर आपण जाणार, तो आत खेळत असेपर्यंत आपण मांडी मोडायची नाही. उभं राहिलं म्हणजे त्याच्या पडण्याची वाट बघतोय असं होतं. त्यात आतला माणूस वयानं मोठा असेल तर विचारूच नका. त्याच्या वडिलांच्या वेळी म्हणे एकजण शर्ट काढून कडेला उभा राहिला होता आणि त्याच चढाईत आत खेळणाऱ्या थोरल्याचा गुडघा गेला. गुडघे कबड्डीत जातच असतात. पण गावानं त्या उभ्या राहिलेल्याला पुन्हा कधी संघात घेतलं नाही.

"तू आत असताना मी उभा राहिलो आणि तुला काही झालं तर?" तो म्हणाला. "मी घरी काय तोंड दाखवू?"

मला भरून आलं. खरंच आलं. माझ्या सख्ख्या भावानं माझ्याबद्दल एवढा विचार कधी केला नव्हता. अरे वेड्या, ही कबड्डी नाही, इथे उठायचं असतं, उठला नाहीस तर कोच तुला घेणार नाही, एवढं बोलायला अर्धं मिनिट लागलं नसतं. मी त्याचा खांदा थोपटला आणि दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळाकडे जाताना बसमध्ये कोच माझ्या शेजारी येऊन बसला. वही उघडून म्हणाला, सरावात हा एकवीस नंबर तुमच्या सगळ्यांपेक्षा चांगला खेळतो. मग सामन्याच्या दिवशी काय होतं त्याला? घाबरतो का? त्याला खेळायचं नाहीये का?

गावसंघ, मांडी, थोरल्याचा मान, सगळं माझ्या जिभेवर होतं. रात्रीच तर ऐकलेलं. एका वाक्याचा प्रश्न होता. ते वाक्य ऐकलं असतं तर कोच हसला असता, त्याच्याकडे जाऊन म्हणाला असता, आमच्याकडे उठतात बाबा, ऊठ. आणि पुढच्या सामन्यात साठाव्या मिनिटाला माझ्या नंबराची पाटी वर झाली असती. मला माझी साठ ते ऐंशी मिनिटं दिसली. मी कोचला म्हणालो, "तो तसाच आहे."

कोचनं ते वहीत लिहून घेतलं.

एवढंच केलं मी. कुणाला ढकललं नाही, कुणाच्या विरुद्ध चुगली केली नाही. मला वाटलं, पुढच्या दौऱ्यात सांगू. पुढच्या दौऱ्यात कोचनं विचारलंच नाही, मग आपण होऊन कशाला काढायचं? त्याच्या पुढच्या वर्षी वाटलं, आता सांगितलं तर कोच विचारेल, इतके दिवस गप्प का बसलास? खोट्याचं असं असतं की त्याला जितकं जुनं होऊ द्याल तितकं ते उपसायला जड जातं. तरी हेही कारणच झालं. मला माझी जागा हवी होती, हे खरं. मला तिसावं लागलं होतं, पाय जड व्हायला लागले होते आणि डोंबिवलीच्या एका दोन खोल्यांच्या घरात वाढलेल्या माणसाच्या पाठीवर देशाचं नाव होतं. ते मला दुसऱ्या कुणाला द्यायचं नव्हतं, अगदी वीस मिनिटांसाठीसुद्धा.

आणि तो बसून राहिला. आशियातल्या किती देशांच्या गवतावर तो मांडी घालून बसला असेल ते त्यालाच ठाऊक. सरावात कोचचे डोळे विस्फारायचे. एकदा यानं ढिगातून चेंडू काढला आणि पास देतोय असं दाखवून स्वतःच पळत सुटला. सहा जणांना चकवून तो पलीकडच्या टोकाला पोचला तेव्हा कोचनं वही गवतावर टाकून टाळ्या वाजवल्या. मग सामन्याचा दिवस उजाडायचा आणि पुन्हा मांडी, टॉवेल.

आमचे सामने तेव्हा इंटरनेटवर दिसायला लागले होते. बाळकुमला मित्रमंडळी एका मोबाइलवर डोक्याला डोकं लावून बघायची. कॅमेरा मधूनच कडेच्या खेळाडूंवर यायचा आणि हा बसलेला दिसायचा. पहिल्या वर्षी पोरांनी शिट्ट्या मारल्या, दुसऱ्या वर्षी हसले, तिसऱ्या वर्षी गावात त्याचं नाव पडलं, 'इंडियाचा टॉवेल'. हळदीत नाचताना त्याच्या खांद्यावर मुद्दाम कुणीतरी टॉवेल टाकायचं. तो तो टॉवेल डोक्याला गुंडाळून आणखी नाचायचा. मी एका हळदीला होतो, मी बघितलंय. त्याची आई मांडवाच्या खांबाला धरून उभी होती आणि हसत नव्हती. माझ्याशी नजर झाली तेव्हा तिनं मान दुसरीकडे वळवली. मला राग आला तिचा. मनात म्हटलं, मी काय करू, तुमचंच पोरगं उठत नाही. असा मी.

चौथ्या वर्षी ती अकरा मिनिटं आली.

सामना उष्ण हवेत होता, दुसऱ्या भागाची सुरुवात झालेली, आम्ही मागे होतो. ढिगाखालून चेंडू काढताना कुणाचा तरी गुडघा माझ्या कपाळावर बसला आणि भुवईच्या वर फाटलं. रग्बीत रक्त आलं की पंच बाहेर काढतो. पंधरा मिनिटांत रक्त थांबवून परत यायची मुभा असते. नाही आलात तर बदली कायम. कोचला वहीही उघडावी लागली नाही. एकवीस नंबर आत गेला.

मी खुर्चीवर बसलो होतो, डॉक्टर टाके घालत होता आणि एका डोळ्यात रक्त उतरलं होतं. दुसऱ्या डोळ्यानं मी बघत होतो. आमचाच संघ, तेच चौदा जण, पण खेळ दुसराच. मी ज्या वेळात चेंडू काढायचो त्याच्या निम्म्या वेळात चेंडू बाहेर यायचा. समोरच्यांना वळायला उसंत नव्हती. दोन वेळा आमची माणसं त्याच्या पासवर धावत जाऊन पलीकडे चेंडू टेकवून आली. आम्ही पुढे गेलो. राखीव पोरं नाचत होती. कोच उभा राहिला होता. मी चार वर्षांत त्याला सामन्यात उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाला, आजच्यापुरता थांब. मी म्हणालो, पट्टी घट्ट बांध. त्यानं कोचकडे बघितलं, कोचनं माझ्याकडे. कोच म्हणाला, तुला चक्कर येतेय का? मी म्हणालो, नाही. येत होती. मी कर्णधार होतो आणि घड्याळात पंधरा मिनिटं झाली नव्हती. कोचनं एकदा मैदानाकडे बघितलं आणि होकार दिला.

मी रेषेवर जाऊन उभा राहिलो. पंचानं हाक मारायच्याही आधी एकवीस नंबरला मी दिसलो. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, खेळल्याचा आनंद असेल. तो धावत आला, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बरा आहेस ना दादा? मला वाटलं डोळा गेला तुझा." आणि बाहेर जाऊन मांडी घालून बसला.

तो सामना आम्ही हरलो. माझ्या हातून दोन पास सुटले, दुसरा शेवटच्या मिनिटाला. तीन दिवसांनी त्याच दौऱ्यातला पुढचा सामना होता, तोही मीच खेळलो, ऐंशीच्या ऐंशी मिनिटं.

पुढच्या वर्षानंतर कोच बदलला. गुडघ्यांनी माझंही नाव कापलं. मला खात्री होती की आता नऊ नंबर त्याचाच, आणि खरं सांगतो, त्या खात्रीवर मी सुखानं निवृत्त झालो. शेवटी मिळालंच ना त्याला, असं म्हणायची मनात तयारी करून ठेवली होती. नव्या कोचला जुन्या कोचची टिपणं मिळाली. त्यात एकवीस नंबरपुढे लिहिलं होतं की गुण भरपूर, पण सामन्यात उतरायची इच्छा नाही. नव्या कोचनं एक तरुण मुलगा घेतला. याला शिबिराचं बोलावणंच आलं नाही. दोनेक वर्षं तो कोपरीला येत राहिला, मग पाण्याच्या टँकरचा धंदा सुरू केला आणि येणं थांबलं. मी फोन करायचो. तो उचलायचा, नीट बोलायचा. मग मीच फोन करणं कमी केलं.

गेल्या वर्षी कल्याणच्या एका कॉलेजात माझं भाषण होतं. जिद्द, चिकाटी, नेहमीचंच. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं तर मागच्या रांगेतून एका मुलीनं विचारलं, "सर, तुमच्या जागी बदली म्हणून कोण होतं?"

साधा प्रश्न. ती बहुधा स्वतः कुठल्यातरी संघात बदली असावी. मी म्हणालो, होता एक चांगला मुलगा, पण त्याच्यात... आणि तिथेच थांबलो. वाक्य मला माहीत होतं, 'पण त्याच्यात भूक नव्हती'. इतकी वर्षं मी ते लोकांना सांगत आलो होतो हे त्या स्टेजवर माझ्या लक्षात आलं. म्हणजे मी नुसता गप्प बसलो नव्हतो, मी ते खोटं गावोगाव वाटत फिरलो होतो. आयोजकांनी पाणी आणून दिलं. मी शाल घेतली, रिक्षात बसलो आणि डोंबिवलीला जायच्या ऐवजी रिक्षावाल्याला म्हणालो, भिवंडीवरून बाळकुमला घे. तो म्हणाला, साहेब, लांब आहे. मी म्हणालो, असू दे.

त्यांच्या शेतावर आता टॉवर उभा आहे आणि त्यातले तीन फ्लॅट यांचे. चौथ्या मजल्यावर त्याच्या आईनं बाल्कनीत सुकट वाळत घातली होती. सोसायटीनं त्याबद्दल दिलेली नोटीस दाराला आतून चिकटवलेली, बहुधा गंमत म्हणून. तो घरी होता. पोट सुटलंय, केस गेलेत, पण उठून दारापर्यंत आला ती चाल तशीच.

चहा आला. मी म्हटलं, तुला काहीतरी सांगायचंय, मधे बोलू नकोस. आणि सगळं सांगितलं. बस, कोचचा प्रश्न, माझे तीन शब्द. मला सगळं माहीत असून मी बोललो नाही, चक्कर येत होती तरी नाही म्हणालो, आजही लोकांना तेच सांगतो. मला वाटलं होतं तो रागावेल. खरं म्हणजे त्यानं रागवावं म्हणूनच मी गेलो होतो. दोन शिव्या खाव्यात आणि हलकं होऊन घरी यावं.

तो म्हणाला, "मला माहितीय दादा."

"काय माहितीय?"

"कोचनी विचारलेलं मला. तुझं डोकं फुटलेलं ना, त्या दिवशी संध्याकाळी. तू हॉस्पिटलात गेलेलास. तो रूमवर आला. मोबाइलवर बोलायचा, मग मोबाइल हिंदीत सांगायचा. बोलला, पुढची मॅच तुला पहिल्यापासून खेळवतो, पूर्ण. पण तुझा कप्तान बोलतो तू तसाच आहेस, तुला उतरायचंच नसतं. खरं आहे का?"

"मग?"

"मग काय? मी हो बोललो."

मी म्हणालो, "अरे, पण का? एक शब्द बोलायचा होता. नाही. एवढाच."

तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी अगदीच बालिश काहीतरी विचारलं. "तू तसं सांगितलेलंस ना त्याला," तो म्हणाला. "मी नाय बोललो असतो तर तू खोटा पडला असतास. कोचसमोर. कप्तान होतास तू."

पूर्ण सामना त्याच्या दारात चालून आला होता. तो त्यानं परत पाठवला, कारण माझं खोटं उघडं पडलं असतं. आणि मी हॉस्पिटलातून परतल्यावर त्यानं मला विचारलं होतं की दादा, जेवलास का. तीन दिवसांनी तो सामना मी खेळलो. वाईट खेळलो, सबंध वेळ कानात शिट्टी वाजत होती. रात्री खोलीत वाकलो की डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून मी पलंगावर आडवा झालो आणि त्याला म्हटलं, माझे बूट काढ रे जरा. त्यानं खाली बसून नाड्यांच्या गाठी सोडवल्या, बूट काढले, त्यांच्या तळाचा चिखल पेपरावर झटकला आणि ते खिडकीत वाळत ठेवले.